पेढ्यांच्या डब्यातलं शून्य

बंद दाराआडून पाण्याची झुळझुळ ऐकू आली, की अमरावतीच्या वैशाखातही अंगावरून गारवा सरकल्यासारखं वाटे. एक्स-रेची नळी तापू नये म्हणून ते पाणी खेळवावं लागतं. त्या नादाच्या संगतीत माझी सव्वीस वर्षं गेली. आपली काळी माती चिमूटभर वाटून किरणांपुढे ठेवायची आणि ओलीनं फुगणाऱ्या, उन्हानं भेगाळणाऱ्या त्या मातीच्या अंतरंगात अणूंचे थर कसे रचले आहेत ते वाचायचं, एवढीच माझी विद्या. पण अहंकार केवढा! घरी मात्र डोक्यावरचा चष्मा मी चार खोल्यांत शोधतो.

गेले दोन महिने उजव्या तर्जनीच्या टोकावर एक चट्टा आहे. कोरडा, तपकिरी, भरून न येणारा. अकोल्याच्या डॉक्टरांकडे जायचं मी टाळत राहिलो, तेव्हा बायको म्हणाली, "जलमभर त्या यंत्राले भेले नाई, अन् डॉक्टरले काहून भेऊन राहिले?"

डॉक्टरांपुढे मी ऐटीत फाईल ठेवली. आम्ही छातीवर बॅज लावतो. अंगावर किती किरणं पडली, ते दर तिमाहीला त्यावरून मोजून येतं. माझ्या फायलीत पहिल्या पानापासून शून्यच. डॉक्टरांनी पानं उलटली, मग बोट उलटलं. "सर, कागद म्हणते काईच नाई. बोट काय म्हणते?" त्यांनी कातडीचा तुकडा तपासणीला पाठवला. निकाल गुरुवारी.

तुम्हाला म्हणून सांगतो, परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही. अगदी पहिल्या तिमाहीतच माझा एक बॅज शर्टासोबत धुण्यात गेला होता आणि लांबलचक खुलासा लिहावा लागला होता. तेव्हापासून, हरवू नये म्हणून, प्रत्येक नवा बॅज ड्रॉवरात पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात सुखरूप होता. ते शून्य डब्याचं होतं. किरणांची झडप उघडी असतानाच घाईघाईत नमुना बोटानं सरळ करायची खोड तेवढी माझी. स्वतःच्या देहाविषयी इतकं अज्ञान एखाद्या अभ्यासकानं किती निगुतीनं जपावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात पोचलो, तर दाराआड पाणी वाहत होतं. म्हणजे यंत्र सुरू होतं. डबा उघडला. आत दोन बॅज. दुसरा वैशालीताईंचा, नऊ वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली हे काम शिकलेल्या सहकारी प्राध्यापिकेचा. मी दार ठोठावून त्यांना यंत्र बंद करायला लावलं, बाहेर बोलावलं, बॅज पुढे केला.

"तुमीच त सांगतलं होतं, सर," त्या हसल्या, "हरवते म्हून डब्यात ठेवत जा म्हून."

"हात दाखवा जरा."

"काहून? भविष्य पाह्यता का?"

त्यांनी हसतच हात पुढे केला. यंत्र थांबलं, तरी नळी निवेपर्यंत पाणी वाहू द्यावं लागतं. ते आत वाहत होतं, आणि त्या नादात आज गारव्याचा लवलेश नव्हता. मी चष्मा शोधू लागलो. तो डोक्यावर आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.