शेवट आधी सांग, मग लाव

आई गेल्या त्या दुपारी नातेवाइकांना कळवायला मी फोन हातात घेतला आणि माझी पंचाईत झाली. कळवायचं कुणाला? कुडाळला वसंतमामांना, म्हणजे आईंच्या थोरल्या भावाला, फोन लावला तर मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "सुटला गो माझा बाय. माका म्हायत होता, तिनाच सांगून ठेवलेला." नणंदेला, संध्याला, लावला तर ती ठाण्याहून निघालेलीच होती. दारावर मासळी घेऊन येणारी बाईसुद्धा दुसऱ्या दिवशी म्हणाली, "म्हातारी मागच्या खेपेलाच बोलली होती मला, आता मी भेटायची नाय, पण म्हणून सुनेच्या गळ्यात शिळं बांधू नकोस." माझ्या सासूबाईंनी आपल्या मरणाची बातमी आपणच घरोघर वाटून ठेवली होती. माझ्याकडे नुसतं शिक्कामोर्तब करायचं काम उरलं होतं. आता महिना उलटून गेलाय, घर पुन्हा वेळेवर जेवायला लागलंय, आणि मी हे लिहायला बसले आहे. अशा लेखात कोण गेलं ते पहिल्याच ओळीत सांगून मोकळं होता येतं. आईंना ही रीत फार पसंत पडली असती. त्यांना शेवट आधी लागायचा.

मी मूळची माटुंग्याची. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा आई चाळीतल्या दोन खोल्यांवर राज्य करत होत्या. पुढे चाळ जाऊन त्या जागी इमारत आली, आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो, आणि मी बँकेतून निवृत्त झाले. आयुष्यात पहिल्यांदाच रोजच्या दुपारी सासू-सून एकमेकींसमोर बसायची वेळ आली. खरं सांगते, दोघीही मनातून घाबरलो होतो. त्यातून आम्हाला वाचवलं ते विलायतेतल्या मुडद्यांनी. माझ्या नवऱ्याने, विजयने, टीव्हीवर कसलं तरी वर्गणीचं चॅनल घेऊन दिलं आणि त्यात इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या गुप्तहेर मालिकांचं भांडारच सापडलं. हिरवंगार गाव, दगडी चर्च, गुलाबाचे वाफे, पाच वाजताचा चहा आणि चहात विष! मला या प्रकाराचं कॉलेजपासून वेड. आईंना इंग्रजी जेमतेम वाचता येत होतं, पण त्यांचं भाषेवाचून अडलं नाही. जाड्या इन्स्पेक्टरचं त्यांनी 'भाऊसाहेब' करून टाकलं, त्याच्या हाताखालच्या पोराचं 'वाळको'. "इवलंसं गाव, आणि दर आठवड्याला एक खून," त्या म्हणायच्या. "लोक घरं विकून जात कशी नाहीत गो?" आणि तरी त्यांना तिथला शांतपणा आवडायचा. मेलेला माणूस नीट कपड्यांत मरायचा, रक्त फारसं नाही, आरडाओरडा नाही. "आमच्या नळावर याच्यापेक्षा जास्त मारामारी व्हायची," हे त्यांचं मत.

पण पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. मालिका रंगात आली होती, सगळे संशयित दिवाणखान्यात जमले होते, आणि आई उठून आत निघून गेल्या. म्हणाल्या, "मला आधी सांग कोण मेलं, कुणी मारलं, का मारलं. मग लाव. नाहीतर मला नको." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, आई, मग बघायचं काय? रहस्यकथेतलं रहस्यच काढून घेतलं तर उरलं काय, पत्रावळ? पण त्या ऐकेनात. शेवटी तोडगा असा निघाला, की सकाळची कामं आटोपली की मी एकटीने शेवटचा भाग पुढे पळवून बघायचा, जेवताना त्यांना सगळं सांगायचं, आणि मग दुपारी दोघींनी पहिल्यापासून निवांत बघायचं. रहस्य नावाची चीज माझ्या घरातून त्या दिवशी हद्दपार झाली. गंमत अशी, की काही दिवसांनी मलाच त्यात गोडी वाटायला लागली. आई खुनी शोधत नसत, खुन्याकडे बघत बसत. "बघ, बघ कसा चहा ओततोय. स्वतःच्या हाताने मारलीय आणि विचारतोय साखर किती! याला माहीत आहे, आणि समोरच्या बाईला नाही..." हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही लागायचा की मी टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत राहायची.

एकदा मी विचारलंच, की अहो, एवढा धसका कसला घेतलाय? तेव्हा त्यांनी टीव्ही थांबवायला लावला आणि वसंतमामांची गोष्ट सांगितली. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. आई तेव्हा परकरातून नुकत्या साडीत आलेल्या, आणि वसंतमामा गिरणीत बदली कामगार. गिरणगावातल्या झाडून सगळ्या पोरांबरोबर तेही मोर्च्याला फाउंटनकडे गेले. गोळीबार झाला. चाळीतली पोरं एकेक करून परतली, कुणाचा सदरा फाटलेला, कुणाचे डोळे अश्रुधुराने सुजलेले. वसंतमामा आले नाहीत. रस्त्यावर कर्फ्यू. आईंच्या आईने अन्नपाणी सोडलं. दुसऱ्या दिवशीही पत्ता नाही, तेव्हा चाळीतल्या म्हाताऱ्या तात्यांनी गॅलरीत नारळ-विडा मांडला आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातलो झील वाट चुकलो असात, तर तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" आणि सगळी चाळ एका सुरात, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज होता आईंच्या वडिलांचा.

त्यानंतर वसंतमामा आले. खुशाल, धडधाकट, वर अंगाने किंचित भरलेले. गोळीबाराच्या धावपळीत ते एका ओळखीच्या मद्रासी मेकॅनिकबरोबर माटुंग्याला निघून गेले होते आणि त्याच्या घरी इडल्या खात दडून बसले होते. त्यांच्या आईने त्यांना आधी केरसुणीने बडवलं आणि मग गळ्याला मिठी घातली. आणि मिठीतूनच मामा म्हणाले, "एवढं रडायला काय झालं? बाबांना निरोप पोचला ना माझा?" सगळ्यांच्या माना वडिलांकडे वळल्या. निरोप पहिल्याच रात्री गिरणीच्या फाटकावर पोचला होता. पोलीस पोरं उचलतायत, बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, नळावर बोलतील आणि पोरगा पकडला जाईल, म्हणून वडिलांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. पोराला देवाने शोधून द्यावं म्हणून चाललेल्या गाऱ्हाण्यात, पोरगा कुठे आहे हे पक्कं ठाऊक असलेला तो एकटा माणूस "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडत होता. "मला तेव्हाच कळायला हवं होतं," आई म्हणाल्या. "बाबांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता. पोरगा सापडत नसलेला बाप दुसऱ्यांदा भात मागत नाही गो." वडिलांचं चुकलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पोरगा वाचला, तो कदाचित त्या गप्प बसण्यामुळेच वाचला असेल. पण आपली आई भिंतीला टेकून बसली होती आणि ज्याला ठाऊक होतं तो शेजारी बसून जेवत होता, हे चित्र काही त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

आता कळेल, की गेल्या वर्षी माझी काय गत झाली असेल. आईंच्या पोटात दुखायचं, तपासण्या झाल्या, आणि परळच्या डॉक्टरांनी विजयला बाजूला घेऊन सांगितलं, की दुखणं पसरलंय, या वयात फार काही करण्यासारखं नाही, वर्षभर काढलं तरी पुष्कळ. विजयने आणि संध्याने परस्पर ठरवून टाकलं, की आईला यातलं काहीही कळता कामा नये. अल्सर आहे म्हणायचं. "ती हाय खाईल. तू गप्प राहायचंस," विजयने मला बजावलं. आपल्याकडे हे असंच करतात. चांगल्या घरांत, जीव लावणाऱ्या माणसांतच करतात. मीही मूग गिळून गप्प बसले. पण दुपारी दिवाणावर त्यांच्या शेजारी बसून, साखर किती विचारणाऱ्या त्या खुन्याकडे मला बघवेना.

असे काही दिवस गेले. एका दुपारी मी रिमोट उचलला तर आईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब. आज मी सांगते," त्या म्हणाल्या, आणि भाऊसाहेबांनीही तोंडात बोट घालावं अशा थाटात एकेक पुरावा मांडायला लागल्या. "विजय आठवडाभर पापलेट आणतोय, आणि किमतीबद्दल चकार शब्द नाही. माझा मुलगा पापलेट आणतो आणि कुरकुरत नाही म्हणजे काहीतरी मोठं आहे. संध्या रोज फोन करते आणि तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत नाही. आणि तू... तू माझ्याशी भांडायची थांबलीस. काल मी आमटीला नावं ठेवली, तर म्हणालीस, उद्या नीट करते हां आई. सगळे व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करतायत." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तुला माहीत आहे ना गो बाय? मग मला सांग."

मी सांगितलं. दुखणं काय, कुठवर गेलंय, डॉक्टर काय म्हणाले, सगळं. सांगताना मला भीती वाटत होती, की विजय म्हणतो तेच खरं निघेल, त्या माझ्यासमोर कोसळतील आणि ते पाप जन्मभर माझ्या डोक्यावर राहील. आईंनी ऐकून घेतलं. मग एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "हुश्श... म्हणजे मी येडी झाले नव्हते. मला वाटायला लागलं होतं, म्हातारपणी संशयी झाले की काय." त्यांचा जीव भांड्यात पडला होता, मरणाची बातमी ऐकून! माझाही पडला. आम्ही दोघी रडलो, आणि मग त्यांनी मला आमटीवरून पुन्हा, मनापासून बोलून घेतलं.

संध्याकाळी विजयला त्यांनीच सांगितलं. तो माझ्यावर असा काही भडकला, की तसा आधी कधी बघितला नव्हता. "तू तिची आशा मारलीस," एवढंच म्हणाला आणि मग कितीतरी दिवस कामापुरतं बोलला. आईंनी त्याला जवळ बसवून समजावलं. "तुझे आजोबाही मायेनेच गप्प बसले होते रे. पण आता मला सगळ्यांशी बोलता येईल. ते तू मला करू देणार नव्हतास." तो ऐकून उठून गेला. मी बरोबर केलं की चूक, यावर तो ना तेव्हा बोलला ना नंतर. आणि मला त्याच्या तोंडून ते ऐकायचंच होतं. त्या दिवसापासून मी त्याचीच वाट बघत होते.

आईंचे उरलेले महिने मात्र खरोखर झोकात गेले. वसंतमामांना त्यांनी कुडाळहून बोलावून घेतलं, आणि नव्वदीचे मामा दुपारी आमच्या मधोमध बसून इंग्रजीचं एक अक्षर न कळता प्रत्येक पाद्र्यावर संशय घेऊ लागले. बहीणभावांनी माटुंग्याच्या इडल्यांवरून पुन्हा एकदा भांडून घेतलं. कुणाला काय द्यायचं ते देऊन झालं, ज्यांच्यावर राग होता त्यांना फोन करून तोही व्यक्त करून झाला. शेवटी-शेवटी बोलणं कमी झालं, दुखणं वाढलं, औषधांची गुंगी असायची. ते बघणं सोपं नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांत भीती मला दिसली नाही. एका दुपारी झोपेतच गेल्या.

गेल्या आठवड्यात विजयच्या छातीत दुखायला लागलं म्हणून आम्ही पुन्हा परळला गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद बघितले, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "वहिनी, जरा बाहेर येता?" मी उठले, तर विजयने माझं मनगट घट्ट धरलं. "ती कुठेही येणार नाही," तो म्हणाला. "जे काय असेल ते मला सांगा. मी इथे बसलोय." डॉक्टर ओशाळून हसले. अहो, काही नाही, निव्वळ ॲसिडिटी आहे. पेशंट फरसाण सोडत नाहीत, म्हणून बायकोकडे तक्रार करणार होतो.

आम्ही खाली फुटपाथवर आलो. मला हसू आवरत नव्हतं. विजय मात्र चालता-चालता थांबला आणि म्हणाला, "त्या दोन मिनिटांत मला कळलं गं. ते तुला सांगणार आणि मला नाही, हे नुसतं मनात आलं तरी जीव गुदमरला. आईला मी हेच करत होतो... बरं झालं तू सांगितलंस." घरी आल्यावर तो आईंच्या खोलीत जाऊन दिवाणावर बसला आणि त्या गेल्यापासून पहिल्यांदाच रडला, दार लोटून न घेता. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून ऐकत उभी होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.