एकेका बैलाची जोडी

सहसंयुज बंध शिकवताना मी फळ्यावर दोन वर्तुळं काढते आणि वर्ग जांभया देतो. हायड्रोजनच्या अणूकडे इलेक्ट्रॉन एकच, त्याला हवेत दोन. शेजारच्या अणूचंही तेच रडगाणं. मग दोघं आपापला एकेक पुढे करतात आणि जोडी दोघांची होते. आमच्या करडी गावच्या शाळेतल्या मुलांच्या हे काही केल्या गळी उतरेना, तेव्हा मी घरचंच उदाहरण दिलं. माझ्या बाबांकडे एक बैल, शेजारच्या काकांकडे एक. नांगराला लागतात दोन. म्हणून दोघांचे बैल एका जुवाखाली, आज आमच्या धानाच्या बांधीत, उद्या त्यांच्या. वर्ग एकदम जागा झाला.

"मॅडम, अन् भांडन झालं तं?" मागच्या बाकावरून आवाज आला.

कार्टं खवचट होतं. भांडण झालंय हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पोळ्याचं तोरण तुटून बैल घरोघरी निघाले की जोडी आधी कोणाच्या दारी पूजेला न्यायची, यावरून दोघांनी बोलणं टाकलं होतं. काका म्हणाले, पोळा झाला की माझा बैल विकतो. बाबा अंगणात "विकू दे!" म्हणून ओरडले आणि आत येऊन ताटावरून उठले. एकट्या बैलावर पुढची धानाची रोवणी कशी व्हायची?

पोळ्याला सगळ्या जोड्या रांगेत. आमचे दोघे मात्र मैदानाच्या दोन टोकांना एकेक बैल धरून उभे, नवरी न आलेल्या नवरदेवांसारखे. मला हसू येत होतं. तेवढ्यात काकांचा बैल हंबरला. आमच्यानं उत्तर दिलं आणि तो सरळ निघालाच, बाबा कासऱ्याला लोंबकळत मागे. तिकडून काकाही तसेच फरफटत आले. बैल खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आमचा नेहमीसारखा उजवीकडे. दोन्ही मालकांनी ओढून पाहिलं. बैल तसूभर हलले नाहीत.

तोरण तुटल्यावर जोडी कोणाच्याच दारी गेली नाही. दोन घरांच्या मधल्या तणसाच्या ढिगाशी जाऊन खाऊ लागली. आई आणि काकू पूजेची ताटं घेऊन तिथेच आल्या.

"बोललात मंग त्यायच्यासंग?" घरात आल्यावर आईनं विचारलं.

"त्याच्यासंग कोन बोलते?"

"अन् ते बैल विकून राहिले ना?"

बाबा उखडलेच. "तो कोन विकनारा? जोडी का त्याच्या एकट्याची हाये?"