फुलाबाईने वाळवलेलं बी

पेठ तालुक्यातल्या त्या पाड्यावर फुलाबाई संशयी म्हणून प्रसिद्ध होती. कुणी नुसतं "बरी हाईस ना?" म्हटलं तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. याला काय पाहिजे असेल, हा तिचा पहिला विचार. बियाण्याच्या बाबतीत मात्र अख्खा पाडा तिच्यावर डोळे झाकून विसंबायचा. नागली असो नाहीतर वाल, तिने राखलेलं बी उगवलं नाही असं कधी झालं नव्हतं. बी वाया घालवणं तिच्या लेखी पापच होतं.

पाड्याच्या वरच्या अंगाला रान होतं. उन्हाळ्यात डोंगर करपून जायचा, तेव्हाही करवंदीच्या जाळ्या हिरव्यागार असायच्या. कुठल्या जाळीचं फळ टपोरं, कुठलीचं आंबट, हे फुलाबाईला पाठ. करवंदं, सरपण, कंद, सगळं तिथूनच यायचं. नवरा गेल्यापासून तिची चूल त्या रानावरच पेटत होती.

१९९७च्या उन्हाळ्यात सुनील आला. निफाडकडचा, शेतकी शिकलेला; एका संस्थेने त्याला पाड्यावर रोपवाटिका करायला पाठवलं होतं. बोलायला फार गोड. तिथेच फुलाबाई सावध झाली.

"मावशी, वरचं रान गुरांपासून जपायचंय," तो म्हणाला. "भोवती करवंदीची वई, म्हणजे जिवंत काटेरी कुंपण, लावू. माणसांना जायला वाटा ठेवू. बी तेवढं तुम्ही जमवून द्या."

"आन् वई झाल्यावर?"

"रान तुमचंच की!"

हे 'तुमचंच' तिने आधीही ऐकलं होतं. पलीकडच्या डोंगरावर असेच गोड बोलणारे लोक आले होते. आधी झाडं मोजली, मग हद्दीच्या दगडांना चुना फासला, आणि एका सकाळी तिथल्या बायकांना मोळी टाकून रिकाम्या हातांनी परतावं लागलं. हा आज बी मागतोय, उद्या रान मागेल, याबद्दल फुलाबाईला शंका उरली नाही. पण नाही म्हटलं तर तो दुसऱ्या कुणाकडे जाणार. म्हणून ती हो म्हणाली.

चार दिवस ती जाळ्यांतून हिंडली. मागून कुणी येत नाही ना हे बघत, रोज वेगळ्या वाटेने. हात काट्यांनी ओरबाडून निघाले. मग ओढ्यावर बसून तिने फळं चुरली आणि चीक धुऊन बिया वेगळ्या केल्या. करवंदाचं बी नाजूक. सावलीत पाणी निथळलं की लगेच मातीत घालायचं; उन्हात पडलं की मेलंच. हे ठाऊक होतं म्हणूनच फुलाबाईने ते रानातल्या तापलेल्या कातळावर पसरलं. आठ दिवस ती भर दुपारी जाऊन बी खालीवर करून यायची, एकही दाणा जिवंत राहू नये म्हणून. त्या दिवसांत तिला जेवण गेलं नाही.

सुनीलने मूठभर बी खुळखुळवून पाहिलं. "वा मावशी, काय खडखडीत वाळवलंत!"

एवढा शिकलेला माणूस, पण त्याला गहू आणि करवंद एकच. मनात हे म्हणत फुलाबाई घराकडे वळली.

दोन हजार काळ्या पिशव्यांत एक कोंब आला नाही. आपलंच पाणी जास्त झालं असेल, असं म्हणत पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा तिच्याकडेच बी मागितलं. तिने पुन्हा तसंच दिलं.

तिसऱ्या वर्षी संस्थेचे साहेब आले. पाड्याची सभा बसली. साहेब म्हणाले, वई काही होत नाही, तेव्हा तारेचं कुंपण घालू. एक फाटक, त्याला कुलूप, वर रखवालदार. फुलाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. वईला खरोखरच वाटा राहणार होत्या, आणि तिनेच त्या बुजवल्या होत्या.

तेवढ्यात तिचा दीर गोटीराम उठला आणि सुनीलच्या अंगावर धावून गेला. "तारवाल्याकडून खाल्लंस तू! म्हनून बी मारलंस!"

"रोज पाणी घातलंय हो मी," सुनील म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. पण ऐकतो कोण? सगळा पाडा 'खाल्लं, खाल्लं' म्हणत होता. फुलाबाईला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती उभी राहिली.

"त्यानं नाय मारलं. म्या मारलं. कातळावर आठ-आठ दिस वाळवलं. रान जाईल म्हनून."

गोटीराम हसला.

"वहिनी, तू आन् बी मारशील? कुनाला सांगतीस?" त्याने सुनीलकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याचे डोळे बारीक झाले. "खरं बोल. यानं तुला किती दिलं?"

"देवाशपथ, भाऊजी..."

तिने आधाराला शेजारच्या नवसाबाईकडे पाहिलं. नवसाबाई तिच्या पैसे खोचायच्या कनवटीकडे बघत होती.