गोदाच्या तोंडून दुसरी बाई

"इंदूताईंना बोलवा ना! साडी त्यांच्याच हातात द्यायची आहे मला!"

हे मी तिसऱ्यांदा ओरडलो. दारातले काका नुसते माझ्या मिशीकडे बघत होते. शेवटी शेजारचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आल्या.

"अहो, किती ओरडाल? काकांना ऐकू येत नाही. आणि काकी जाऊन चार महिने झाले."

माझ्या हातातल्या खोक्यावर लिहिलं होतं, ‘आमच्या लाडक्या प्रेक्षक इंदूताई तुळसकर यांना सप्रेम.’ काकांच्या मागे भिंतीवर इंदूताईंचा हार घातलेला फोटो. लोकांशी नीट बोलण्याचाच मी गेली बावीस वर्षं पगार घेतो.

माझं काम थोडक्यात सांगतो. मी मालिकांबद्दलची प्रेक्षकांची मतं गोळा करतो. मरोळला, एका पॅकिंगच्या कारखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. घरोघरी ठरलेले प्रेक्षक असतात, त्यांना आम्ही पॅनेल म्हणतो. बहुतेक जण मोबाइलवर मत देतात. जुन्या मंडळींना आम्ही कागदी शीट पाठवतो. दर आठवड्याला शीट जाते, भरून परत येते. काय आवडलं, काय खटकलं, एवढंच.

मालिका होती शंभर वर्षांपूर्वीच्या एका किनाऱ्यावरच्या संस्थानाची. धाकटा राजपुत्र, नावाड्याची मुलगी गोदा आणि दोघांचं प्रेम. मतं साधारण ठरलेली. ‘गोदाची नथ छान.’ ‘राजपुत्राने दाढी करावी.’ एका आजोबांनी सलग नऊ आठवडे लिहिलं होतं, ‘घोडा थकलेला वाटतो.’

आणि मग विक्रोळीहून इंदूताईंची शीट आली. एकच ओळ.

‘मंगळवारपासून गोदाच्या तोंडून दुसरीच बाई बोलते. ती कोण?’

मी ती हसत हसत रेवती मॅडमना दाखवली. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि माझ्या बॉस. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दार लावलं.

"परब, हे कुणाला दाखवलंय?"

"कुणालाच नाही. का?"

"गोदाचा आवाज बसलाय. मंगळवारपासून डबिंग दुसरी मुलगी करतेय." डबिंग म्हणजे पडद्यावर एक ओठ हलवणार आणि आवाज दुसरीचा लागणार. "इतका हुबेहूब आवाज काढते ती की हिरॉइनच्या आईलासुद्धा कळलं नाही. चॅनेलने सगळं गुपित ठेवलंय. मग विक्रोळीच्या बाईला कसं कळलं? स्टुडिओतलं कुणीतरी फुटलंय. जाऊन बघ, कोण आहे ही."

साडीचं निमित्त माझ्याच डोक्यातलं. म्हणून मी त्या दारात उभा होतो.

काकांनी मला आत घेतलं. त्यांचं बोलणं स्वच्छ होतं, पण एका सुरात. तीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात काढल्यावर कान गेले होते. मी प्रश्न वहीत लिहायचे, त्यांनी तोंडी उत्तर द्यायचं, असं ठरलं. त्यांनी वहीत काही लिहून दाखवलं आणि मी अक्षर ओळखलं. दीड वर्ष येणाऱ्या सगळ्या शीटवरचं ते अक्षर.

"ती शाळेत गेली नव्हती," काका म्हणाले. "ती सांगायची, मी लिहायचो. ओठ मला तिचेच कळायचे. तुमचं तर मिशीमुळे काहीच कळत नाही."

आता ही शीट भरतं कोण, असं मी लिहिलं.

"मीच. ती सांगते तसं."

मी लिहिता लिहिता थांबलो. मग म्हातारपणाचं म्हणून सोडून दिलं. दारात जाऊन शेजारच्या नाईकबाईंना हळूच विचारलं, "तुम्ही सांगता का हो यांना मालिकेतलं?"

"मी कशाला? त्या वेळेला मी दुसऱ्या चॅनेलवरची बघते. त्यात यांच्या टीव्हीचा आवाज मेला एवढा मोठा! कमी करा म्हटलं, तर म्हणतात, काकीला ऐकू येत नाही."

सात वाजले. काकांनी टीव्ही लावला. खोलीत दोनच खुर्च्या, समोरासमोर. एक टीव्हीकडे तोंड करून. मी तिच्यावर बसायला गेलो.

"थंय नको!" काका इतक्या जोरात म्हणाले की मी ट्रंकेवर जाऊन बसलो. मग ते जरा ओशाळले. "मी हयसर बसतंय, ती थंयसर."

आणि ते टीव्हीला पाठ करून बसले.

म्हणजे या माणसाने आमची मालिका कधी बघितलीच नव्हती. ते बायकोचा चेहरा बघायचे. ती डायलॉग ओठांनी सांगायची, हसायची, डोळे पुसायची. तीच त्यांची मालिका. आताही ते रिकाम्या खुर्चीकडेच बघत होते, वही मांडीवर घेऊन.

मी ट्रंकेवर जरा मागे सरकलो. मग मला खुर्चीच्या वर फोटो दिसला. फोटोच्या काचेत टीव्ही दिसत होता. इंदूताईंच्या कपाळावर राजपुत्राचा घोडा पळत होता. हां! काका काचेत बघतात तर. मला इतकं बरं वाटलं की मी काकांनी दिलेला लाडू खाल्ला.

तेवढ्यात पडद्यावर बंद दार आलं. नुसतं दार. राजपुत्र बाहेर, गोदा आत. काचेतही दारच. आणि आतून गोदाचा आवाज आला, "आता नाही उघडणार मी."

काकांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवली. वही उघडली. मी वाकून वाचलं.

‘आता नाही उघडणार म्हणताना ही दुसरी बाई खरंच रडली. गोदा अशी रडत नाही.’

काचेत दार दिसतं. दारामागचं रडणं दिसत नाही.

नियम सांगतो. पॅनेलमधला माणूस गेला की नाव काढायचं. घरातलं दुसरं कुणी तयार असेल तर नवा फॉर्म भरून त्याचं नाव घालायचं. एपिसोड संपला तसा मी घाईघाईने बॅगेतून फॉर्म काढला. नियमासाठी काढला असं मी रिपोर्टमध्ये लिहिलंय. खरं म्हणजे मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं, आणि हातात कागद असला की मला धीर येतो.

काकांनी फॉर्म दोनदा वाचला.

"साहेब, नाव तिचंच राहू दे. तिच्या नावाची शीट येते म्हणून ती येऊन बसते."

मी वहीत लिहिलं, ‘ऑफिसचा नियम आहे.’

त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाले, "वरून विचारतात ना तुम्हाला? आमच्या शॉपमध्येपण असंच होतं. द्या." आणि सही केली. साडीचं खोकं त्यांनी रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, जपून.

"लीक नाही," मी मॅडमना सांगितलं. "म्हातारबाबांचा अंदाज. बाई हयात नाहीत, नाव बदलून आणलंय."

"गुड," मॅडम म्हणाल्या. फाइल बंद.

पुढच्या आठवड्यात शीट आली. नाव काकांचं, अक्षर तेच.

‘कपडे बरे. दिवे जास्त. आवाजाबद्दल लिहिता येत नाही, मला ऐकू येत नाही.’

त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. महिन्याभराने गोदाचा खरा आवाज परत आला. पॅनेलमध्ये कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. विक्रोळीहून आलं, ‘घोडे बरे.’ मग शीट यायची बंद झाली. मत नक्की कुणाचं हे तपासून घ्यावं, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तपासल्यावर मत उरत नाही, हे मात्र कुणी शिकवत नाही.

दिंडोशीला घरी मी हे सगळं बायकोला, वैशालीला सांगितलं. ती ही मालिका रोज बघते आणि माझ्या शीटवर कधीही मत देत नाही. शेंगा सोलता सोलता ती ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

"अहो, जन्मभर लोकांना तुमचं मत काय, तुमचं मत काय, म्हणून विचारत फिरलात," ती म्हणाली. "तिचं नाव काढताना तिला विचारलंत?"