बारमाही हळदीकुंकू

"मेरेकू गिने?"

कुणी काहीही मोजायला लागलं की तिचा उजवा हात वर. चहाचे कप मोजा, समोसे मोजा, एका रिक्षात किती बाया मावतील ते मोजा, हात वर आणि हा प्रश्न ठरलेला. एकदा मी माझ्या दुकानात पंपांच्या जळक्या मोटारी मोजत होतो, तर भिंतीपलीकडून हात वर आला. म्हटलं, "अगं बाई, मी मोटारी मोजतोय!" तर म्हणते, "तो क्या हुआ भैया, मैं बी जलेलीच हूँ. गिनो."

तिचं नाव मी सांगणार नाही. या शहरात तिचं नाव कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, आता मीच कशाला पहिला नंबर लावू? कारखान्यातल्या बाया तिला बर्मावाली म्हणायच्या. एका देशानं तिला हाकलून दिलं, दुसऱ्यानं छावणीत कोंबलं आणि तिसऱ्या देशात, म्हणजे आपल्यात, ती मिरची दळत होती. ती आलीय हे आपल्या देशाला ठाऊकच नव्हतं. तुमच्याही गल्लीत असेल अशी कुणी. नीट बघा, असतेच.

हैदराबादच्या कुकटपल्लीत उंच इमारतींनी जिच्याकडे पाठ फिरवलीय अशी एक गल्ली आहे. तिथं माझं मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि भिंतीला भिंत लावून मसाल्याचा कारखाना. हळद, मिरची, धणे दळायचे, पुड्या बांधायच्या आणि टेम्पो भरून बेगम बाजारला धाडायच्या. मिरची अशी जहाल की वरून जाणारी विमानं शिंकत जायची. आमच्या गल्लीत कुणाला सर्दी म्हणून कधी झालीच नाही. झाली तरी कळायची कशी?

मालक आपलाच, मराठी. त्याचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच सुमाराला नांदेडकडून हैदराबादला आले. त्याच्या आजोबांनी येताना विकलेल्या जमिनीचे पैसे आणले, माझ्या आजोबांनी नुसती भूक आणली. म्हणून तो सेठ आणि मी मिस्त्री. कारखान्यात तीसेक बाया राबायच्या, पण हजेरीच्या रजिस्टरात माणसं चारच. सेठ, सेठची बायको, सेठचा मेहुणा, आणि एक गृहस्थ, जे वारून कैक वर्षं झाली तरी इमानदारीनं दर महिन्याला सही करायचे.

ही बाई मिरचीच्या मशीनवर. मिरचीचं पोतं ती असं उचलायची जसं आपण रुसलेलं पोर उचलतो. ओढणी कमरेला, तोंडाला फडकं, आणि फडक्याच्या वर दोन डोळे. त्या डोळ्यांतून मिरचीनं कधी पाणी काढलेलं मी पाहिलं नाही. मिरचीच तिला घाबरत असावी.

आता मूळ गोष्ट. कारखाने तपासायला एक साहेब यायचे. कुठल्या खात्याचे ते विचारू नका, मी सांगणार नाही. साहेब निघाले की सेठला फोन यायचा, आणि मग जी धावपळ उडायची ती पाहायला मी तिकीट लावलं असतं तर आज हिमायतनगरला सेठच्या शेजारी माझा बंगला असता. मशीन बंद! त्यावर ताडपत्री! पोती एका बाजूला, मधोमध सतरंजी! हिमायतनगरहून सेठाणी गाडीतून नारायणपेठी नेसतच यायच्या, हातात करंडा. कागदावर नसलेल्या सगळ्या बाया हातपाय धुऊन सतरंजीवर बसायच्या. झालं, हळदीकुंकू सुरू! हळदीला तिथं काय तोटा? मला बोलावून सरबत वाटायला उभं करायचे, सेठाणींचा भाऊ म्हणून. त्या काळात मी इतकं सरबत वाटलं की त्यात हुसेनसागर तलाव दोनदा भरला असता.

साहेब दारात थबकायचे. "आज फिर पूजा?"

"हौ साब," सेठ हात जोडायचा. "घर की औरतां हैं. मेहमान."

साहेब शिंकायचे, सरबत प्यायचे, हळदीच्या पुड्यांची पिशवी घ्यायचे आणि जायचे. संक्रांतीला हळदीकुंकू, आषाढात हळदीकुंकू. एकदा तर पितृपक्षातही झालं. वर पितर तोंडाला उपरणं लावून हसले असतील.

बायांची म्होरकी यादम्मा. वरंगलकडची, चाळणीवर बसणारी, आवाज असा की मशीननं लाजावं. ती सगळ्यांना कुंकू लावायची आणि बर्मावालीच्या मात्र मनगटाला हळदीचं बोट लावायची. "तेरा तेरे पास, मेरा मेरे पास," म्हणायची. बर्मावालीला या सोहळ्याची सुरुवातीला मोठी मौज वाटायची. महिन्यातून एकदा बसायला मिळतं, म्हणायची. मांडी घालून राणीसारखी बसायची आणि मलाच हुकूम सोडायची, "ओ भैया, शरबत में शक्कर कम है. मेहमान कू ऐसा पिलाते?"

ही मौज ज्या दिवशी संपली तो दिवस सांगतो. सांगताना वाढवून सांगणार नाही. त्यात वाढवायला जागा नाही.

मशीनचं वरचं तोंड उघडं होतं. मिरची अडकली की बाया हातानं आत ढकलायच्या. देगलूरकडची रुक्मिण अशीच ढकलत होती. भिंतीपलीकडे मला मोटारीचा आवाज बदललेला ऐकू आला आणि मी धावलो. पोचलो तेव्हा बटण बंद झालं होतं. रुक्मिणचं डोकं बर्मावालीच्या मांडीवर होतं, हात तिच्या ओढणीत गुंडाळलेला. डाव्या हाताची दोन बोटं गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? सेठ पुढं झाला. "पाहुण्या आहेत हो. हळदीकुंकवाला आल्या होत्या. उगाच मशीन बघायला गेल्या." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. रुक्मिण गुंगीत होती.

बाहेर आल्यावर बर्मावालीनं मला गाठलं. "भैया, मेहमान का हाथ कटा तो मशीन का क्या कसूर?"

मी रिक्षाला हात केला. ती आडवी आली.

"मेहमान का हाथ था, तो मशीन कू जाली कायकू लगाते? बराबर ना?"

अगदी बराबर होतं. त्या तोंडावर जाळी बसवायची, मिरची जाईल पण हात जाणार नाही अशी. माझं एका दुपारचं काम. मी सेठला तसं सांगितलंही. सेठ म्हणाला, "मिस्त्री, तुम्हाला कळत नाही. उद्या कोणी विचारलं, जाळी का बसवली? काही झालं होतं का? तर काय सांगू? आणि जाळीनं माल हळू पडतो."

म्हणजे बघा, रुक्मिणची बोटं गेली नव्हतीच, कारण रुक्मिण तिथं कामाला नव्हतीच. जी कामाला नाही तिच्यासाठी जाळी कशाला? आणि ते उघडं तोंड पुढच्या हाताची वाट बघत गरगरत होतं. त्यात मिरची ढकलणारा हातही आता बर्मावालीचाच होता.

तिनं सेठच्या मागं धोशा लावला. सकाळी "जाली कब?" दुपारी "जाली कब?" सेठ गाडीत बसला की काचेवर टकटक, "जाली कब?" एके दिवशी सेठ चिडला. "तू जास्ती बोलू नको! तू है किधर कागद पे? एक फोन करूंगा तो कल इधर दिखेगी नै!"

ती म्हणाली, "करो ना. फोन नै तो मेरा लेलो." आणि खरंच आपला फुटक्या काचेचा मोबाइल पुढं केला. सेठनं घेतला नाही.

पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा सगळं रीतसर झालं. ताडपत्री, सतरंजी, करंडा, मी सरबताचा जग घेऊन उभा. रुक्मिणही आली होती, हाताला पट्टी, पट्टीवर पदर. साहेबांनी शिंकून सरबताचा पेला उचलला, आणि माझं लक्ष गेलं. बर्मावाली उभीच होती.

"बैठ गे!" यादम्मा दातओठ खाऊन पुटपुटली. "बैठ, साब देख रहे!"

ती बसली नाही. मशीनपाशी गेली, ताडपत्री ओढून खाली टाकली, ओढणी कमरेला बांधली आणि बटण दाबलं. मशीन असं गरजलं की साहेबांच्या पेल्यातलं सरबत साहेबांच्या शर्टावर.

"मैं मेहमान नै!" ती ओरडली. "मैं इधर काम करती. ये मशीन मैं चलाती. रुक्मिण की उंगलियां इसके अंदर गयीं. देखो, मुंह खुला है!"

सेठ धावला. "साब, पागल है साब, डोकं फिरलंय तिचं."

साहेबांनी मशीन बंद करवलं. "कहाँ की है तू?"

"दूर की."

"कागद?"

"नै."

"समझती क्या, खुद कू पकड़ा रही तू?"

तिचा हात वर गेला. "पहले मेरेकू गिनो. बाद में पकड़ो."

मंडळी, मी आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या आहेत, पण पुढचं घडलं ते असंच घडलं. यादम्मा उठली. कुंकवाचा हात लुगड्याला पुसून चाळणीवर जाऊन बसली आणि रिकामी चाळणी हलवायला लागली. रुक्मिण उठली आणि पट्टीचा हात पदराबाहेर काढून साहेबांसमोर धरून उभी राहिली. मग एकेक करत सगळ्या उठल्या, कुणी पोत्यापाशी, कुणी वजनकाट्यापाशी. सतरंजीवर सेठाणी एकट्या उरल्या, नारायणपेठी नेसून. थोड्या वेळानं त्याही उठल्या. कुठं जायचं ते न कळल्यामुळं पुड्या बांधायच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

मी काय केलं? मी खिशातला मोबाइल काढून साहेबांच्या दिशेनं धरला, लग्नातला व्हिडिओवाला धरतो तसा. बॅटरी सकाळीच मेली होती. ते साहेबांना काय ठाऊक?

साहेबांनी वही काढली. मशीनबद्दल लिहिलं, की तोंडाला जाळी बसल्याशिवाय चालवायचं नाही. माणसांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. जाताना पुड्यांची पिशवी विसरले. शपथेवर सांगतो, त्या कारखान्याच्या इतिहासात ते पहिल्यांदाच घडलं.

त्याच दुपारी मी जाळी केली. पत्रा एका मोडक्या कूलरचा, सळया माझ्या. वेल्डिंग करताना दुसरं टोक तिनं धरलं होतं. म्हटलं, "तोंड फिरव, डोळे जातील." तर म्हणे, "मिर्ची से नै गये, तेरे से क्या जाते." बसवून झाल्यावर तिनं बंद मशीनच्या तोंडात आपला हात घातला. बोटांच्या पेरांशीच अडला. पुन्हा घातला, तिरका करून घातला, मूठ करून घातला. मग रुक्मिणला बोलावून तिचा धड हात घालून बघितला. अडला.

"अब्बी ठीक," ती म्हणाली. मशीनवरची मिरची झाडली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. यादम्मा तिच्या वस्तीत जाऊन आली. खोली रिकामी होती. घरमालक म्हणाला, पहाटेच गेली, भाडं चुकतं करून, कुठं ते बोलली नाही. बरं केलं. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. फक्त चार शिव्या घालून सांगितलं असतं, कारण निरोप द्यायचा म्हटला की मला तेवढंच येतं.

दोन-तीन दिवसांनी हवालदार आला. फोन कुणी केला, सेठनं की साहेबांनी, ते मला ठाऊक नाही. इथं कुणी परदेशी बाई कामाला होती का, त्यानं विचारलं.

"छे छे," सेठ म्हणाला. "कामाला? अजिबात नाही. पाहुणी असेल कुणाची तरी. हळदीकुंकवाला येतात ना बाया."

"अबद्धं!" चाळणीवरून यादम्मा तेलुगूत गरजली. खोटं! "मेहमान नै थी. काम करती थी. मिर्ची की मशीन पे."

हवालदारानं कागद काढला. "नाव?"

ते मात्र कुणाला आठवेना. तीस बाया, तीस वेगळी नावं. दोन तर पुरुषांची होती. कुठं गेली? एक म्हणाली बिदर, एक म्हणाली गुलबर्गा, एक म्हणाली दुबई. रुक्मिणनं तीन बोटांच्या हातानं मोघम आभाळाकडं दाखवलं. मी म्हणालो, हिमायतनगरला सेठाणींकडं जेवायला जाणार होती असं ऐकलंय, तिथं बघा. सेठचा चेहरा मी पैसे देऊनही पुन्हा पाहीन.

हवालदारानं कपाळाचा घाम पुसला आणि जे हाती लागलं तेवढं लिहिलं. नाव माहीत नाही. ठावठिकाणा माहीत नाही. सदर महिला या कारखान्यात मिरची दळण्याचं काम करत होती. पंच म्हणून यादम्माचा अंगठा हवा होता. ती म्हणाली, आधी वाच.

त्यानं वाचलं. ती म्हणाली, शेवटची ओळ पुन्हा वाच. त्यानं पुन्हा वाचलं. ती म्हणाली, अजून एकदा.

"अम्मा, कितने बार पढूं?"

यादम्मानं अंगठा शाईत बुडवून तसाच हवेत धरला. पाठीमागं जाळीवर मिरची खडखडत होती.

"जोर से पढो," ती म्हणाली. "मशीन चालू है."