घडीवरची बेरीज

कुलूपवाल्याच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहणं. तेव्हा बायकोनं जगाला न सुटलेलं कोडं सोडवलं म्हटल्यावर दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला ते ठाऊक झालं, यात नवल ते काय!

बायकोचं शिवणकामाचं दुकान त्याच्या दुकानाला लागूनच होतं. गल्ली तिला ‘मास्तर’ म्हणायची, आणि उगाच नाही हं. मास्तरनं घेतलेलं माप चुकत नाही, असं लोक छातीठोकपणे सांगत. तिच्याहून जास्त तो सांगे.

कोडं आणलं सुनेनं. ती शाळेत गणित शिकवायची. कुठलाही आकडा घ्या, उलटा करा, दोन्हींची बेरीज करा. सत्तावन्न आणि पंच्याहत्तर, एकशे बत्तीस. ते उलटून पुन्हा मिळवा, तीनशे त्रेसष्ट. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखंच! बरेच आकडे असे लवकरच जुळतात. पण एकशे शहाण्णव? बेरजा करून करून यंत्रं थकली, तरी तो पठ्ठ्या जुळत नाही. कधीच जुळणार नाही म्हणावं, तर तेही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

“बघते तर खरी,” म्हणून मास्तरनं मेजावर खाकी कागद पसरला. गिऱ्हाईक नसलं की बेरीज. आकडा लांबत लांबत कागदाच्या काठाला भिडला. आणि एका सकाळी तिनं हाक मारली, “अहो, इकडे या! जुळलं!”

“बाबा, जरा दम धरा,” सून म्हणाली. “मला तपासू द्या.”

“आईवर अविश्वास?” असं म्हणत कुलूपवाला चपला सरकवून बाहेर पडलासुद्धा. “यंत्रं थकली, आमची ही नाही थकली!”

संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. औषधवाला तर स्वतःची खुर्ची घेऊन आला होता. मास्तर एकेका ओळीवर बोट ठेवून समजावत होती आणि कुलूपवाला दर ओळीला “बघा!” म्हणत होता. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिचा चेहरा उतरला.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “ही मी घडीवर केली.”

त्याला बरोबर कळलं. ब्लाउजची पाठ कापताना कापड दुमडायचं, अर्धीच आखायची, कापून उलगडली की दोन्ही बाजू सारख्या. सकाळी गिऱ्हाईक खोळंबलं होतं. घाईत तिनं आकडाही अर्धाच मिळवला आणि उरलेला अर्धा तोच उलटा करून उतरवला. जुळणारच की मग!

“गप्प बस,” तो दातओठ खात कुजबुजला. “कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“मला कळलंय ना.”

आणि ती सगळ्यांकडे वळली. “चुकलं माझं. दोन्ही टोकांकडून जोड्या सारख्याच लागतात, म्हणून मी निम्मंच केलं. पण हातचा एकाच बाजूला सरकतो, हे विसरले. हे जुळलेलं नाही.”

“म्हणजे यंत्रांना हरवणाऱ्या मास्तर हरल्या!” औषधवाला खो खो हसला. बाकीचेही हसले. कुलूपवाल्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आता हिच्या मापावर कोण विश्वास ठेवणार?

मास्तरनं कात्री उचलली, शेवटची ओळ सरळ कापून टाकली, पेन्सिलीला टोक केलं आणि सगळ्यांसमोर तीच बेरीज पुन्हा मांडायला घेतली. या वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हातचे मोठ्यानं म्हणत. हळूहळू हसू विरलं. सून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“नाही जुळत,” शेवटी मास्तर म्हणाली. “उद्या पुढची.”

एवढ्या माणसांत, एवढ्या हशात, तोंडाला कुलूप लाव म्हणून नवरा मागे लागलेला असताना बोलली ती! इतका अभिमान कुलूपवाल्याला सकाळीही वाटला नव्हता. औषधवाला खुर्ची उचलता उचलता म्हणाला, “मास्तर, उद्या सदऱ्याचं माप द्यायला येतो. तुमच्याकडेच.”

चार दिवसांनी किल्ली करायला आलेल्या एका परक्या माणसानं शेजारच्या मेजावरचा लांबलचक कागद पाहून विचारलं, “हे काय चाललंय?”

“एक कोडं आहे,” कुलूपवाला छाती काढून म्हणाला. “जगात कुणालाच सुटलेलं नाही. आमच्या हिलाही नाही!”