ताराकाकू वाट बघायच्या

ताराकाकू सात महिन्यांच्या बाळाशीसुद्धा भांडायच्या. बाळ "अग्गं" म्हणालं की निवडायची मेथी खाली ठेवत. "व्हय का? मग तू गप बसलास व्हय?" आणि उत्तराची खरोखर वाट बघत. बाळ पुन्हा काही बोललं, की मगच पुढची जुडी.

कुरुळी गावात त्यांनी शेतात बांधलेल्या खोल्यांपैकी एकीत आम्ही भाड्याने राहत होतो. नवरा कंपनीत, शिफ्टमध्ये. निहार अडीच वर्षांचा, आणि त्याच्याकडे शब्द जेमतेम पाच. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठीक होते. "त्याच्याशी भरपूर बोला," म्हणाले. बोलणं हीच तर माझी अडचण. म्हणून मी चित्रांची कार्डं आणली. "व्हॉट इज धिस? से ॲपल." तो ओठ घट्ट मिटायचा. शाळेत उत्तर येत असूनही मी अशीच मिटून बसायचे.

एकदा काकूंनी ऐकलं. "पोरी, ते सफरचंद हाय हे तुला ठाऊक हाय ना? मग त्याला कशापायी इचारतीस, पोलिसावानी?"

मला राग आला. आठवडाभर त्याला त्यांच्या ओट्यावर पाठवलं नाही. कार्डं दिसली की तो पलंगाखाली जाऊ लागला. आठव्या दिवशी मीच त्याला घेऊन ओट्यावर गेले.

समोरून नव्या मोटारी लादलेला ट्रेलर चालला होता.

"गाडी," निहार म्हणाला.

"व्हय रं, गाडीवर गाड्या!" काकू म्हणाल्या आणि थांबल्या. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "दम धर. त्याची पाळी हाय."

ट्रेलर पार वळणापर्यंत गेला.

"गाड्या गेल्या."

दोन शब्द पहिल्यांदाच एकत्र आले होते. मी टाळ्या वाजवणार होते, पण काकूंना गप्पा पुढे न्यायच्या होत्या. "गेल्या! लांब गेल्या. कुठं गं गेल्या असतील, निहारची आई?"

ओट्यावर आणखी दोघी बसल्या होत्या. माझे कान तापले. "पुण्याला," मी कशीबशी म्हणाले.

"पुण्या!" निहार ओरडला.

"व्हय, पुण्याला गेल्या. आन् तुझ्या आईला बी बोलता येतंय की रं!" दोघी हसल्या. मीही हसले.

वर्षभराने आम्हाला पिंपळे गुरवला घर मिळालं. टेम्पो भरून उभा होता. कपाट दारात कसं अडकलं, बाबांचं बोट कसं चेपलं आणि बाबा काय ओरडले, हे सगळं निहार काकूंना सांगत होता. काकू कमरेवर हात ठेवून "अगं बाई! मग?" करत होत्या.

टेम्पोवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. "ताई, चला की, पुढचं भाडं हाय मला."

मी टेम्पोच्या खिडकीशी वाकून त्याला म्हणाले, "थांबा भाऊ. त्याचं बोलून होऊ द्या."